वस्तीची गाडी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आई सहज बोलून गेली, की डोळे तपासायला बाबा पहाटेच निघाले, पाखाडीच्या पायऱ्या उतरून, साकवाचा छोटा पूल ओलांडून फाट्यापर्यंत चार किलोमीटर चालत गेले आणि तिथून वडापच्या जीपच्या मागच्या पायरीवर उभं राहून देवरूखला पोचले. शहात्तराव्या वर्षी! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर विषय काढला की बाबा "चालायचंच" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितोय.

आई, रात्री मुक्कामाला येणाऱ्या वस्तीच्या एसटी गाडीचा हॉर्न वळणावर वाजला की तू दोन भाकऱ्या जास्त थापायचीस, ड्रायव्हर-कंडक्टरसाठी. ते देवळात अंथरूण टाकायचे. सकाळी सहाला गाडी सुटायची तेव्हा काचांवर दहिवर साचलेलं असायचं, आणि मी बोटाने पुसून तुला हात करायचो. माझी अकरावी-बारावी त्या गाडीनेच झाली. आंब्याच्या पेट्या, कुणाची औषधं, कुणाचा निरोप, सगळं तिच्यातून जायचं-यायचं. ती बंद झाली तेव्हा कारण दोनच शब्दांत मिळालं : भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत.

भारमान कुठून असणार? 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 ला 16,15,069 उरली. महाराष्ट्र वाढत असताना आपण आणि सिंधुदुर्ग घटलो. हजार पुरुषांमागे 1122 बायका, म्हणजे बापये मुंबईला आणि घर, शेती, म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर. त्या घटलेल्यांत मीही एक, हे मला विसरता येत नाही. आम्ही गेलो म्हणून गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणून शेजारच्या पोरीचं कॉलेज सुटलं. आता तेही घर भांडुपला खोली बघतंय.

रस्त्याचंही तसंच. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 साली आली, तिची अट सपाटीला 500 लोकवस्तीची, डोंगरी राज्यांना आणि आदिवासी भागांना 250 ची. आपलं गाव एक, पण वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. एकेक वाडी मोजली तर कुठल्या हिशेबात बसणार? आजारी माणूस अजून डोलीतून खाली आणावा लागतो, आणि 108 ची गाडी साकवाच्या अलीकडेच थांबते.

बाबा, तुमच्याकडे एक काम मागतो. पारावर एक वही ठेवा. महिनाभर रोज कोण, कुठल्या वाडीतून, किती वाजता, कशासाठी खाली गेलं ते लिहा. दवाखाना, बाजार, शाळा, बँक, सगळं. नुसतं "गाडी हवी" म्हटलं की अर्ज फाईलला लागतो. वही दाखवून मुक्काम नको, पण सकाळी कॉलेजच्या वेळेला एक आणि दुपारी परतीची एक फेरी मागता येईल. पंचाहत्तरीनंतर एसटीत तिकीट माफ आहे, बायकांना अर्धं आहे, हे सगळ्यांना सांगा. गाडी आली की माणसं वडाप सोडून तिच्यातच बसायला हवीत. ग्रामसभेचा ठराव तुम्ही करा, आपल्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची पत्रं मी जमवतो.

आणि पुढच्या जनगणनेला, म्हणजे 1 मार्च 2027 च्या आसपास, कुणीही "चार दिवस पोराकडे" म्हणून घराला कुलूप लावू नका. मी गावात धरला जाणार नाही, पण तुम्ही दोघं तिथेच मोजले जायला हवेत.

मुंबईला या म्हणून मी फार आग्रह केला, बाबांना त्याचा त्रास झाला. आता तो करणार नाही. तुम्हाला तिथेच राहायचंय तर तिथे राहणं सोपं व्हायला हवं, त्यासाठी धावपळ करीन.

डोळ्यांच्या पुढच्या तारखेला मी येतोय. रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवलीय. बाबांना चालत निघू देऊ नकोस, आई.

तुमचा,
बाळा