विषय: तुमच्या 'पुढे जायचे?' या खिडकीत गेलेले २१२ फोटो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

चौथा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच घ्या.

विश्रामबागला माझा फोटो स्टुडिओ आहे. दोन कॅमेऱ्यांवर लग्न काढतो. दोन्ही एकाच कंपनीचे, त्यामुळे फाइलींची नावं डीएससी_०००१ ते ९९९९ आणि मग परत ०००१. नावं एकमेकांवर येणारच. तुम्ही फोटोवाल्यांनाच सॉफ्टवेअर विकता, म्हणजे हे तुम्हाला ठाऊक असणार. हळदीचं कार्ड रात्री तुमच्या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरवर 'मूव्ह' केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड त्याच फोल्डरला. खिडकी आली: 'फाइल आधीच अस्तित्वात आहे. पुढे जायचे?' होय, नाही, रद्द. 'सर्वांसाठी हेच' यावर टिक तुम्हीच मारून ठेवलेली. मी एंटर मारला. हळदीचे २१२ फोटो गेले आणि त्याच नावांवर कार्यालयातल्या पंगती बसल्या. बदललेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. कार्ड मूव्हमुळे रिकामं झालेलं, ते संध्याकाळी रिसेप्शनला वापरलं.

आता आजचा फोन. तुमच्या विभागातल्या बाई बोलत होत्या.

"सर, सॉफ्टवेअरने तुम्हाला विचारलं होतं ना?"
"काय विचारलं होतं?"
त्यांनी वाचून दाखवलं, 'पुढे जायचे?'
"पुढे म्हणजे कुठं ओ?"
"सर, पुढे म्हणजे... पुढे."
मग म्हणाल्या, तुम्ही 'नाही' दाबायला हवं होतं. मी विचारलं, 'नाही' दाबल्यावर ती एक फाइल सुटते का सगळं काम थांबतं? "एक मिनिट सर." सात मिनिटं सनई ऐकली. परत आल्या. "सगळं थांबतं."
"आणि 'रद्द'?"
"तेही थांबतं, सर."
"मग आधी हललेल्या फाइली परत येतात का?"
"नाही सर, त्या हललेल्याच राहतात."
म्हणजे तीन बटणं, त्यातली दोन एकाच कामाची, आणि माझ्या उपयोगाचं एकही नाही. शेवटी, "सर, वाचून दाबायचं असतं." बावीस वर्षं या धंद्यात आहे, बाई. मला वाचता येतं. वाचण्यासारखं तिथं काही नव्हतं.

विंडोज ७ मध्येही 'दोन्ही ठेवा' होतं, नावापुढे (२) लावून. ते २००९ साली आलं. दोन्ही फोटो छोटे करून शेजारी दाखवा, खाली तारीख, वेळ, आकार. हळद आणि पंगत यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. बटणावर 'होय' नको, 'जुनी पुसून नवी ठेवा' लिहा. आणि ती टिक काढा. टिक तुम्हीच मारून ठेवली होती, हे परत सांगतोय, कारण चारही फोनवर कुणी ते लिहून घेतलं नाही. उलट मेसेज आला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' कुणी सोडवली?

वर्षाचे पैसे परत करा आणि लेखी उत्तर द्या. पंधरा दिवस थांबतो. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रार मी राहतो तिथंच दाखल करता येते, म्हणजे सांगलीतच. तुमच्या वकिलाला इथं यावं लागेल. सांगली-मिरजेतल्या निम्म्या स्टुडिओवाल्यांना तुमचं सॉफ्टवेअर मीच घ्यायला लावलं होतं, याची आता लाज वाटते.

रविवारी नवरीचे वडील अल्बम ठरवायला येताहेत. हळदीत नवरीच्या आजी होत्या. लग्नाच्या दिवशी त्यांना कार्यालयात आणता आलं नाही. त्यांचे सगळे फोटो त्या २१२ मध्ये आहेत.

एक ग्राहक,
विश्रामबाग, सांगली