मनाच्या इजेचा पुरावा दारातच अडवू नका

प्रति,
माननीय महासंचालक,
आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, व्हिएन्ना

महोदय,

अणुभट्टीत अपघात होतो, लोकांना घरंदारं सोडावी लागतात आणि पुढे भरपाईचे दावे उभे राहतात. त्या दाव्यांत कुणी लोकांच्या मनःस्थितीचं सर्वेक्षण पुरावा म्हणून पुढे केलं, की हरकत घेतली जाते: ही ऐकीव माहिती आहे, लोक स्वतःबद्दल काय वाटेल ते सांगतात, हा पुरावा ग्राह्यच धरू नका. हे पत्र त्या हरकतीविरुद्ध आहे. मी वकील नाही. लोकांसमोर बसून प्रश्नावल्या भरून घेणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्या कागदाची ताकद मला माहीत आहे, आणि तो कुठे कच्चा पडतो हेही.

आपल्यालाच लिहिण्याला कारण आहे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघाताचे परिणाम तपासण्यासाठी आपल्या संस्थेच्या पुढाकाराने २००३ साली चेर्नोबिल फोरम स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि बेलारूस, रशिया व युक्रेनची सरकारंही त्यात होती. या अपघाताने सार्वजनिक आरोग्यापुढे उभा केलेला सर्वांत मोठा प्रश्न मानसिक आरोग्याचा आहे, असं या फोरमने २००५ मध्ये सांगितलं. त्याआधी, १९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगानेही आरोग्यावरचा सर्वांत गंभीर परिणाम मानसिक ताणाचा होता, असंच म्हटलं. तो ताण फार काळ टिकला नाही, हेही नोंदवलं. हे निष्कर्ष आले कुठून? किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या डोसमापकाने मन मोजता येत नाही. लोकांना विचारूनच आले. मग जी पद्धत जगाला सांगायला चालते, ती दावा लावणाऱ्या माणसाच्या हातात आली की अचानक अग्राह्य कशी ठरते?

या प्रश्नावल्या असतात तरी कशा, ते सांगते. ‘के-६’ नावाची एक छोटी प्रश्नावली आहे. गेल्या ३० दिवसांत तुम्हाला किती वेळा अस्वस्थ वाटलं, हताश वाटलं, चुळबुळ होत राहिली, कशानेच मन उभारी धरणार नाही इतकं खचल्यासारखं झालं, प्रत्येक गोष्ट करणं जड गेलं, आपण कुचकामी आहोत असं वाटलं? सहाच प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २४. १३ किंवा त्याहून जास्त गुण आले, तर तीव्र मानसिक त्रासाची शक्यता धरतात. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर स्थलांतराच्या भागातल्या लोकांना ही प्रश्नावली सरकारी आरोग्य सर्वेक्षणातून पाठवली गेली. २०१२ च्या सुरुवातीला झालेल्या पहिल्या फेरीत १४.६ टक्के प्रौढांचे गुण १३ किंवा जास्त होते. जपानच्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास धरतात. ज्यांचे गुण जास्त आले, त्यांना समुपदेशकांनी फोन केले. म्हणजे फोन उचलून माणसाची विचारपूस करायला तो आकडा पुरेसा भरवशाचा होता.

लोक पैशासाठी त्रास फुगवून सांगतात, हा आरोप मी पुष्कळदा ऐकला आहे. एका मोठ्या आपत्तीनंतर मी एका निवारा केंद्रात प्रश्नावल्या भरून घेत होते. एका वयस्कर गृहस्थांनी सगळ्या प्रश्नांना ‘कधीच नाही’ अशी खूण केली. पेन खाली ठेवलं, पत्नीला पाणी आणायला पाठवलं आणि मग मला हळूच सांगितलं, की ते रात्री पायात बूट घालूनच झोपतात. मी विचारलं, उत्तर बदलायचं का? ते नको म्हणाले. परत आल्यावर पत्नी कागद वाचेल, ही त्यांची भीती होती. माझ्या नोंदीत ते शून्य गुणांचे, अगदी ठणठणीत गृहस्थ आहेत. फुगवून सांगणारे नसतात असं मी म्हणणार नाही. पण दाबून सांगणारे मला कितीतरी जास्त भेटले आहेत.

आणि संशय घ्यायचाच, तर तो तपासण्याच्या वाटा आहेत. थ्री माइल आयलंडच्या अपघाताला सुमारे दीड वर्ष झाल्यावर मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांना नुसतं विचारलं नाही. त्यांना मजकुरातल्या चुका शोधायला दिल्या आणि त्यांची लघवी तपासून त्यात ताणाची संप्रेरकं मोजली. तुलनेला तीन गट घेतले: एक सुरळीत चालणाऱ्या अणुवीज केंद्राजवळचा, एक कोळशाच्या वीज केंद्राजवळचा आणि एक कुठल्याच केंद्राजवळचा नसलेला. अपघाताजवळच्या लोकांनी सांगितलेली लक्षणं जास्त होती, त्यांचं काम कच्चं होतं आणि संप्रेरकांची पातळीही चढी होती. नमुना लहान होता, हे खरं. पण पैशाच्या आशेने कुणाच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनलिन वाढत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल या वादात कधी ना कधी पुढे केला जाईल, म्हणून त्याबद्दलही लिहिते. थ्री माइल आयलंडची न बिघडलेली पहिली भट्टी पुन्हा सुरू करण्याआधी रहिवाशांच्या मानसिक आरोग्याचा विचार करावा, अशी तिथल्या नागरिकांच्या एका संघटनेची मागणी होती. न्यायालयाने ती एकमताने फेटाळली. पण कशासाठी? पुढे अपघात होईल ही धास्ती पर्यावरण कायद्याच्या कक्षेत बसत नाही, म्हणून. मानसिक आरोग्य हेही आरोग्यच, हे न्यायालयाने गृहीत धरलं होतं. घडून गेलेल्या अपघाताची भरपाई हा तिथे मुद्दाच नव्हता आणि सर्वेक्षण पुरावा म्हणून चालतं की नाही, हाही नव्हता. त्या निकालाचा आधार घेऊन सर्वेक्षणाला दार बंद करणं चूक आहे.

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला पटतो. के-६ हे निदान नव्हे, चाळणी आहे. गावातल्या इतक्या टक्के लोकांना त्रास आहे, एवढ्यावरून समोर उभ्या असलेल्या बाईला तो आहे हे सिद्ध होत नाही. तिला डॉक्टर लागेल, तिची स्वतःची साक्ष लागेल. शिवाय फुकुशिमात भूकंप आणि त्सुनामीही होते; आप्त गमावल्याचं दुःख आणि किरणोत्साराची भीती यांची वाटणी कुणालाही चोख करता येणार नाही. प्रश्नावली परत न पाठवणाऱ्यांचं काय, हाही प्रश्न उरतोच. पण हे सगळे प्रश्न पुराव्याला किती वजन द्यायचं याचे आहेत. ते उलटतपासणीत विचारावेत, तुलना गट कुठून आणला ते विचारावं, सर्वेक्षण करणाऱ्याला घाम फोडावा. त्यासाठी कागद आधी न्यायाधीशांच्या टेबलावर तर जायला हवा. चेर्नोबिलनंतर मुलांमधल्या थायरॉइडच्या कर्करोगाचा संबंध अपघाताशी जोडला गेला, तोही समूहाच्या आकडेवारीवरूनच. एकट्या मुलाच्या गाठीवर कारण लिहिलेलं नसतं. तिथे आकडे चालतात, तर इथेही चालले पाहिजेत.

आता आपल्याकडे मागणं. अणुअपघाताच्या भरपाईविषयीच्या ज्या व्हिएन्ना कराराची आपली संस्था सांभाळणूक करते, त्यात अणुनुकसानाच्या व्याख्येत ‘व्यक्तीला झालेली इजा’ आहे. मनाची इजा त्यात येते की नाही, हे करार स्पष्ट सांगत नाही. ते त्या त्या न्यायालयावर सोडलेलं आहे. न्यायालयांना आपण हुकूम देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण २००३ पासून आपल्याकडे अणुदायित्वाचा, म्हणजे अणुअपघातातल्या नुकसानीच्या जबाबदारीचा, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट आहे. मानसिक इजेचं सर्वेक्षण कुठल्या अटी पाळून केलं तर ते ग्राह्य धरावं, याची मार्गदर्शक टिपणी त्यांच्याकडून मागवावी. तुलना गट आधी ठरलेला असावा. पहिली फेरी भरपाईचे अर्ज सुरू होण्यापूर्वी, शक्यतो काही आठवड्यांतच व्हावी. सर्वेक्षण करणारा भट्टी चालवणाऱ्या कंपनीचाही नसावा आणि दावेदारांच्या वकिलाचाही नसावा.

आणि भरलेल्या प्रश्नावल्या जपून ठेवाव्यात. व्हिएन्ना कराराच्या १९९७ च्या दुरुस्तीनुसार इजेचा दावा ३० वर्षांपर्यंत करता येतो. तेवढ्या काळात साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात. नावं झाकून, मोहोरबंद करून हे कागद ३० वर्षं सांभाळायची जबाबदारी कुणाची, हे त्या टिपणीत पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं. बूट घालून झोपणाऱ्या त्या गृहस्थांनी कागदावर जे लिहिलं नाही, ते मी तेव्हा समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तो गठ्ठा काही वर्षांनी जागा रिकामी करताना रद्दीत गेला.

आपली,
एक सर्वेक्षण कार्यकर्ती