खाडा पडला म्हणून सगळं वाया जात नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात जिद्दीच्या, यशाच्या गोष्टी येतात त्या मी आवर्जून वाचते आणि चांगल्याच असतात त्या. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतीये म्हणून हे पत्र. या गोष्टींमध्ये माणूस पडतो आणि पुढच्याच ओळीत उठून उभा राहतो, मधले महिने कुठे गेले तेच कळत नाही. आणि ज्याचे सध्या तेच मधले महिने चालू आहेत, म्हणजे नोकरी गेलीये, परीक्षेत परत अपयश आलंय, घरात आजारपण आहे, झोप उडालीये, त्याला हे वाचून हुरूप यायच्या ऐवजी वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

तसं नसतं हो. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग करून असं मांडलं होतं की ज्यावर आपला काही इलाजच चालत नाही असा त्रास सतत झाला की प्राणी हतबल व्हायला शिकतो, मग सुटायची वाट समोर असली तरी धडपड करत नाही. पण जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरचं नवं संशोधन बघून त्याच दोघांनी स्वतःचं म्हणणं उलटं केलं. हतबल होणं शिकावं लागत नाही, त्रास लांबला की ते आपोआप होतं, शिकावं लागतं ते हे की अजून आपल्या हातात काहीतरी आहे. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. सकाळी अंथरुणातून उठवत नाही तेव्हा त्याला लगेच आळस म्हणायची गरज नाही, आणि नुसतं "मन खंबीर कर" म्हणून त्या माणसाच्या हाती काही लागत नाही. स्वतःच्या हाताने काहीतरी झालेलं त्याला दिसायला हवं, मग ते कितीही छोटं असू दे.

मूड आला की करू, असं आपण सगळेच म्हणतो, आणि बरे दिवस असतात तेव्हा ते चालूनही जातं. वाईट दिवसात मात्र मूडची वाट बघत बसलं की दिवस तसाच मावळतो. डिप्रेशनच्या उपचारात एक पद्धतच आहे, पेशंटला आधी छोटी छोटी कामं ठरवून करायला लावतात, बरं वाटणं त्याच्या मागून येतं. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर विचार बदलायच्या सगळ्या खटाटोपासकट केलेल्या पूर्ण उपचाराइतकाच नुसती कामं करायला लावायच्या या एकट्या भागाचा गुण आला. म्हणून अख्खा अर्ज भरायचा नाही, आज फक्त नाव आणि शिक्षण लिहून ठेवायचं. धडा संपवायचा नाही, एक पान वाचायचं. तेही कधी आणि कुठे ते आधीच ठरवून ठेवायचं, कारण थकलेल्या डोक्याला त्या वेळी निर्णय घ्यायलाच सगळ्यात जड जातं. घरातलं लांबलेलं आजारपण सांभाळताना मला स्वतःला याचाच आधार झालाय.

आणि खाडा! लोक खरे हरतात ते इथेच असं माझं मत आहे. २१ दिवस सलग केलं की सवय लागते असं जिकडे तिकडे सांगतात, मग नवव्या दिवशी राहिलं की माणूस म्हणतो गेलं सगळं मुसळ केरात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने ९६ जणांना घेऊन हे बघितलं, २०१० साली ते छापून आलं. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तर काही विशेष फरक पडला नाही. हे कुणी ठळक अक्षरात का छापत नाही? चुकलेल्या दिवसाबद्दल स्वतःला शिव्या घालत बसण्यात जो दुसरा दिवस जातो ना, तो जास्त महाग पडतो.

हेही लिहिलंच पाहिजे की दोन आठवड्यांहून जास्त मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर छोट्या कामांवर भागवू नका, डॉक्टरला दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, थांबू नका.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी कुणाची यशोगाथा छापाल तेव्हा त्यांना त्या मधल्या महिन्यांबद्दल जरूर विचारा, काम कधी थांबलं होतं, किती दिवस बंद राहिलं आणि परत हातात घेतलं त्या दिवशी नेमकं काय केलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते न कापता छापा.

आपली,
एक नियमित वाचक