ओझरला विमाने आली, पुढच्या ऑर्डरचे काय?

महोदय,

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी कंपनीच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथून उडाले, तेव्हापासून 'रोजगाराची संधी' हे शब्द सारखे कानावर पडतात. विमानाचा अभिमान आहेच, पण रोजगाराचा हिशेब जरा तपासून घ्यायला हवा. विमाने जोडणाऱ्या या लाइनची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. लढाऊ विमानाचा कारखाना म्हणजे सूतगिरणी नव्हे. तिथे भरती बेताचीच होणार.

जास्त हात गुंततात ते बाहेर, सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या शेडमध्ये. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचे काम, शिकवताना अशा वर्कशॉपमध्ये माझे जाणे-येणे असे. विमानाचा तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट घ्या. ठोकळा कुठल्या बॅचचा, त्याचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे, इथून सुरुवात. पहिला पीस निघाला की ड्रॉइंगवरचे एकेक माप तपासून लिहायचे. एखादे भोक वीस मायक्रॉनने (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने) मोठे झाले की जॉब रिजेक्ट, आणि महागडा ठोकळा भंगारात. पुष्कळदा ब्रॅकेटपेक्षा त्याची फाइल जड! हे काम बिनचूक करणारा सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन कामाला लावून देणारा कारागीर, नुसत्या आयटीआयच्या दाखल्यावर तयार होत नाही. तो मशीनवर काही वर्षे घासून निघतो, आणि तोवर मालक मशीनचे हप्ते भरत असतो.

हा माणूस टिकतो तो कामाच्या सातत्यावर. नाशिकला सुखोई-३० जातीची २२२ विमाने परवान्याखाली बांधली गेली. ते काम २०२१च्या सुमारास आटोपले. आणखी १२ सुखोईंचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात ओव्हरहॉलचे, म्हणजे जुनी विमाने खोलून दुरुस्त करण्याचे काम होते, पण नव्या विमानाच्या भागांवर ज्यांनी भांडवल घातले त्यांचे पोट तेवढ्यावर कसे भरणार? चांगला सेटर वाट बघत बसत नाही, तो मोटारींच्या सुट्या भागांकडे वळतो. त्याला दोष का द्यावा?

ब्रिटनमधल्या बॅरो गावाने हे फार महागात भोगले आहे. तिथे पाणबुड्या बांधतात. व्हॅनगार्ड वर्गाचे काम संपत आले आणि अॅस्ट्यूट वर्गाचे सुरू व्हायचे होते, त्या काळात हजारो कामगार घरी गेले. नवे काम हाती आले तेव्हा ते करणारे हातच पुरेसे उरले नव्हते. पाणबुडी काही वर्षे रखडली, खर्च फुगला आणि शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची मदत घ्यावी लागली. खंड पाडून वाचवलेला पैसा असा दामदुपटीने गेला.

आपल्याकडे ऑर्डर हातात असतानाही खंड पडू शकतो. तेजसची ८३ विमाने २०२१ मध्ये आणि ९७ सप्टेंबर २०२५ मध्ये मागवली गेली, म्हणजे एकूण १८०. कागदावर भरपूर काम. पण अमेरिकेहून येणारी जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीची इंजिने उशिरा आली आणि विमाने हवाई दलाकडे जाणे लांबले. अशा वेळी मोठी सरकारी कंपनी तग धरते; तिच्यासाठी जॉबवर्क करणाऱ्याचे हप्ते थांबत नाहीत. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याजही आहे. पण ज्याच्याकडून पुढचे काम हवे, त्याच्याविरुद्ध व्याजाचा दावा लावायला छाती लागते. माझ्या ओळखीच्या एकानेही तो लावलेला नाही.

मग महाराष्ट्रालाही डिफेन्स कॉरिडॉर, म्हणजे संरक्षण उद्योगांसाठी सरकारने जाहीर केलेला पट्टा हवा, अशी मागणी निघते. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला तो २०१८ मध्ये मिळाला, आपल्याला नाही, हे खरे. मिळाला तर आनंदच, पण त्याच्या फलकाने कुणाचे मशीन चालत नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या पाच वर्षांत कोणते भाग किती लागतील, याचे वेळापत्रक एचएएलने पुरवठादारांना द्यावे, आणि ते पुढे ढकलले गेले तर भरपाईची तरतूद करारातच असावी. अप्रेंटिस घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपना विद्यावेतनाचा मोठा वाटा सरकारने द्यावा. आणि १८० विमाने पूर्ण झाल्यावर ओझरच्या लाइनवर काय येणार, हे संरक्षण मंत्रालयाने लाइन रिकामी होण्याच्या निदान तीन वर्षे आधी जाहीर करावे. नवे मशीन घेऊन त्यावर माणूस तयार करायला तेवढा वेळ लागतोच.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक