घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ताल का सरकतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आमच्या साखर पेठेतली भजनी मंडळी हल्ली घरच्याच कॉम्प्युटरवर अभंग रेकॉर्ड करतात. आधी पेटी आणि आवाज, मग त्यावर पखवाज, शेवटी टाळ. शेजारचे यंत्रमाग रात्री थांबले की बसायचं. मी पस्तीस वर्षं पखवाज वाजवतो. गेल्या वर्षी रेकॉर्डिंग ऐकलं तर माझी प्रत्येक सम मागे पडलेली. मंडळातले समजुतीनं म्हणाले, "वय झालं, हात जड होतो." तेच जास्त लागलं. दोन महिने मी वाद्याला हात लावला नाही.

माझ्या कानात ब्लूटूथचे हेडफोन होते. रेकॉर्डिंगसाठी हवेत, असं दुकानात सांगूनच आणले होते. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत यायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात, कधी जास्तही. म्हणजे उशिरा ऐकू आलेल्या पेटीवर मी बरोबर वाजवत होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यात १५० गेले तर पाव मात्रेहून जास्त झाले. भजनी ठेका एवढा सरकला की गाणाऱ्याचा तोल जातोच.

वायरचे हेडफोन लावले तरी थोडा उशीर उरला. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, गठ्ठ्यानं हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १०२४ चा गठ्ठा भरायलाच २३ मिलिसेकंद जातात, १२८ चा असेल तर जेमतेम ३. फार लहान केला तर जुन्या मशीनला झेपत नाही, आवाज तडतडतो.

थोडा उशीर आपल्याला नवा नाही. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दहा मीटरवरच्या टाळकऱ्याला पखवाज जवळपास ३० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, पण तो वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघून सावरतो. खोलीत एकट्यानं वाजवताना बघायचं कुणाकडे?

नातवानं हेडफोन माइकला चिकटवला, टिकटिक वाजवली आणि तीच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. दुसरी टिकटिक ४० मिलिसेकंद मागे. आम्ही ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' म्हणजे उशीर भरून काढण्याच्या रकान्यात मुळातच उणे १३० मिलिसेकंद असतं, ते प्रत्येक मशीनला जुळेलच असं नाही. आम्ही उणे १७० केलं आणि दोन्ही टिकटिका एकमेकींवर बसल्या. वाजवताना स्वतःचा पखवाज हेडफोनमधून ऐकणंही बंद केलं. तो मांडीवरच वाजतोय, कानाला थेट ऐकू येतो. गाणाऱ्यांनी इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे आपला आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येण्याची सोय असेल तर ती वापरावी.

दुकानदारांना विनंती, रेकॉर्डिंगसाठी कुणी ब्लूटूथ मागितला तर त्याला हे आधी सांगा. शिकवणाऱ्यांनी मुलाला बेताल ठरवण्याआधी मशीनची टिकटिक मोजावी. आमच्या गल्लीत नववीतली एक मुलगी याच कारणानं तबला सोडायला निघाली होती. परवा तिच्या घरी जाऊन मोजलं, ६५ मिलिसेकंद निघाले. आकडा बदलून तिचाच कायदा (तबल्यातली बांधीव रचना) पुन्हा रेकॉर्ड केला आणि तिच्या आईला ऐकवला. काल संध्याकाळी तिच्या खिडकीतून पुन्हा तबला ऐकू आला.

एक पखवाजवादक,
साखर पेठ, सोलापूर