तिसरं पुस्तक तुमच्या कार्डावर

वाचनालयातल्या काकांना,
सा. न.

तुम्ही निवृत्त झालात हे मला पेढे संपल्यावर कळलं. म्हणून हे जाहीर पत्र.

बारा वर्षांपूर्वी मी तुमच्या काउंटरशी रडकुंडीला येऊन उभी होते. एका एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी सुनावलं होतं, "कथा लिहायची की नाटक, ते आधी ठरव. दोन डगरींवर पाय नको." तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, आत गेलात आणि तीन पुस्तकं समोर टाकलीत: 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य, 'आरण्यक' हे नाटक, 'खेकडा' हा गूढकथांचा संग्रह. म्हणालात, "नाव वाच." तिन्हींवर रत्नाकर मतकरी.

लहानपणी 'अलबत्या गलबत्या'तल्या चिंची चेटकिणीला खिदळलेली मी त्या रात्री 'खेकडा' वाचून दिवा न मालवता झोपले. 'आरण्यक'मधले वनात निघालेले धृतराष्ट्र, गांधारी, कुंती मात्र तेव्हा डोक्यावरून गेले. हळूहळू लक्षात आलं, पोरांना खुर्चीच्या कडेवर आणणारा आणि मोठ्यांना पांघरुणात दडवणारा हात एकच. काय सांगायचं यापेक्षा किती वेळ दाबून ठेवायचं, हे त्या हाताला पक्कं ठाऊक. (कौटुंबिक नाटकं मला तितकीशी भावत नाहीत. यावर आपलं भांडण झालंय, पुन्हा नको.)

आणि मतकरींचं हे सगळं बँकेची नोकरी सांभाळून! पहिली एकांकिका 1955 मध्ये मुंबई आकाशवाणीवर, 1962 पासून मुलांसाठी 'बालनाट्य' संस्था, नोकरी सुटली ती 1978 मध्ये. पुढे मालिका, सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच दिग्दर्शित केलेला 'इन्व्हेस्टमेंट' सिनेमा, ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी रंगमंच. मी ऑफिसातून दमून येते, लिहायला वेळ कुठला, असं म्हटलं की तुम्ही नुसतं त्यांच्या कपाटाकडे बोट दाखवायचात. मे 2020 मध्ये करोनाने ते गेले, तेव्हा वाचनालय बंद होतं. त्या कपाटाशी येऊन उभं राहावंसं फार वाटलं.

एक कबुली. नियमाने दोनच पुस्तकं मिळायची, तिसरं तुम्ही स्वतःच्या कार्डावर दिलंत. ते मी अडीच महिने दाबून ठेवलं. दंड तुम्ही भरलात का, हे विचारायचं धाडस कधी झालं नाही.

येत्या शनिवारी माझ्या बालनाट्याचा पहिला प्रयोग आहे. गेल्या महिन्यात कथासंग्रहही आला. दोन पास तुमच्या जुन्या काउंटरवर ठेवलेत. काकूंना घेऊन या, आणि पुढच्या रांगेत बसा. मागून तुम्हाला ऐकू येत नाही.