विषय: जुन्या घराच्या खरेदीत दिलेली चुकीची माहिती, अडकलेला बयाणा आणि दलालीचा परतावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत आम्ही पती-पत्नींनी एक जुना फ्लॅट घेण्याचा करार केला. बयाणा दिला, आपली दलालीही त्याच दिवशी चुकती केली. आज बयाणा विक्रेत्याकडे अडकून पडला आहे, बँकेने आपण सांगितलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी कर्ज मंजूर केले आहे आणि घरावर आणखी एका कर्जाचा बोजा निघाला आहे. फोन केला की आपले प्रतिनिधी ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ एवढेच म्हणतात, म्हणून आता लेखी कळवत आहे.

आधी बोज्याबद्दल. करारापूर्वी आम्ही मालकीची कागदपत्रे मागितली तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी मालमत्तेच्या नोंदीचा उतारा दिला आणि ईमेलमध्ये लिहिले, ‘टायटल क्लिअर आहे, जुने एक कर्ज आहे ते व्यवहारातच फिटेल.’ उताऱ्यावरही एकच कर्ज दिसत होते. करारानंतर आमच्या बँकेच्या वकिलांनी नवा उतारा काढला. त्यात पहिल्या बोज्याखाली दुसरी नोंद आहे: विक्रेत्याने धंद्यासाठी घेतलेले कर्ज, तारण हेच घर. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की प्रकार लक्षात येतो. आपण दिलेल्या उताऱ्याच्या तळाशी, शिक्क्याखाली अर्धवट झाकलेली तारीख आहे. ती आमच्या कराराच्या कितीतरी आधीची, घर आपल्याकडे विक्रीला आले तेव्हाची. मधल्या काळात दुसरे कर्ज चढले. उतारा ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरताच खरा. सहीआधी तो पुन्हा काढायचा असतो, हे घरांचाच व्यवसाय करणाऱ्यांना आम्ही शिकवायचे का?

दोन्ही कर्जांची बाकी मिळून किमतीच्या आत बसते की नाही, हेही अजून कोणी लेखी दिलेले नाही. बसत नसेल, तर आम्ही पूर्ण किंमत मोजूनही घर बोज्यातून सुटणार नाही आणि कर्जदाते वसुलीसाठी आमच्याच दारात उभे राहतील.

दुसरी गोष्ट आमच्या रहिवासाची. आम्ही या देशात नव्याने स्थायिक होत आहोत, कायम रहिवासाचा निर्णय व्हायचा आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. आपल्या नोंदणी फॉर्मवर त्यासाठी रकाना आहे आणि तो आम्ही भरलेला आहे. तरीही इथल्या रहिवाशाला मिळते तेवढे कर्ज धरून आपण हिशोब काढून दिला. बँक नुसता पगार बघत नाही. इथला कर्जफेडीचा इतिहास, व्हिसाची उरलेली मुदत, नोकरी कायम आहे की नाही, सगळे बघते. आधीच्या देशात एकही हप्ता चुकवला नसला तरी नव्या माणसाची पाटी इथे कोरीच, आणि म्हणून किमतीतला मोठा हिस्सा त्याला स्वतःच उभा करावा लागतो. खरेदीवरचा कर रहिवाशाला एक आणि नव्याने आलेल्याला दुसरा असू शकतो, त्याचाही या हिशोबात पत्ता नाही. रकाना मग कशासाठी छापला?

सर्वांत जास्त राग आहे तो एका कलमाचा. ‘कर्ज पुरेसे मंजूर न झाल्यास बयाणा परत’ अशी अट करारात घाला, असे मी स्वतः सांगितले होते. त्यावर उत्तर मिळाले, ‘मॅडम, अशी अट घातली तर पार्टी हातची जाईल.’ पार्टी कोणाची? दलाली आपण दोन्हीकडून घेतली, हे आम्हाला नंतर विक्रेत्याच्याच बोलण्यातून कळले.

बाकी, बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नाही आणि बेडरूमच्या कपाटामागे ताज्या रंगाखाली हात लावला तर ओल लागते. त्याचे किमतीत बघता आले असते. त्यावर इथे वाद घालत नाही.

आमची मागणी अशी. दोन्ही कर्जदात्यांकडून आजची बाकी लेखी आणून द्यावी. ती किमतीत बसत असेल, तर आमचे पैसे विक्रेत्याच्या हाती न जाता आधी थेट कर्जदात्यांना जातील, बोजा उतरल्याची नोंद दिसेपर्यंत शेवटची रक्कम रोखून ठेवली जाईल आणि कर्जातली तूट भरून काढायला आम्हाला मुदतवाढ मिळेल, असा पुरवणी करार विक्रेत्याकडून करून घ्यावा. बसत नसेल, तर करार रद्द करून संपूर्ण बयाणा परत मिळवून द्यावा. आपली दलाली मात्र दोन्ही परिस्थितींत परत हवी. ज्या कामासाठी ती घेतली ते काम झालेले नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास दलालांना परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे आम्ही रीतसर तक्रार करू. दोन्ही उतारे, तो ईमेल, आपल्या हिशोबाचा कागद आणि भरलेल्या फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे. या विषयावर कृपया फोन करू नये.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)